मेंढरं घरी का गेली नाहीत

वारंगा फाट्यावर कुणालाही विचारा, प्रज्ञेशचं घर कोणतं, तर समोरचा आधी हसणार आणि मग विचारणार, "कोनता? गेम खेळून पोट भरतो तो?" आता हे अर्धंच खरं. प्रज्ञेश गेम खेळून त्यांच्यावर लिहायचा आणि त्या लिहिण्यावर त्याचं पोट होतं. पण ज्या फाट्यावर दिवसभर ट्रक थांबतात, पंक्चर काढतात, चहा पितात आणि नांदेडकडं नाहीतर हिंगोलीकडं निघून जातात, तिथं भर दुपारी कानाला हेडफोन लावून पडद्यावरच्या माणसाला पळवणारा तेहतीस वर्षांचा बाप्या काम करून राहिलाय, हे कुणाला पटवून सांगणार? त्यानं तो नाद कधीच सोडला होता.

वडील जळबा एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी डोक्यातून ड्यूटी गेली नव्हती. "नोकरी हाय तर सुट्टी कोनत्या वारी असती ते सांग," असं ते महिन्यातून एकदा विचारायचे आणि प्रज्ञेशला सांगता यायचं नाही. आई भागूबाई असलं काही विचारत नसे. ती शिरड शहापूरची. लग्नाआधी आणि लग्नानंतरही पुष्कळ वर्षं तिनं दुसऱ्याच्या रानात कामं केली होती. खुरपण, कापूसवेचणी, हळद काढणी, सगळं. पोरगं सावलीत बसून काम करतंय, एवढंच तिला पुरे होतं.

नांदेडला कॉम्प्युटर शिकून प्रज्ञेश पुण्यात एका वेबसाइटीत पाच वर्षं होता. लॉकडाउनमध्ये घरी आला तो परत गेलाच नाही. आता 'टेकओसरी' नावाच्या साइटीसाठी तो घरूनच नव्या गेमची परीक्षणं लिहायचा, त्यांचे छोटे व्हिडिओ करायचा, आणि दर रविवारी 'खेळून बघा' नावाचं सदर लिहायचा. हे सदर म्हणजे त्याचा खरा जीव. त्यात तो आपल्याच धंद्यातल्या लोकांची हजेरी घ्यायचा. कंपनीनं पाठवलेलं पत्रक जसंच्या तसं छापायचं आणि वर स्वतःचं नाव टाकायचं, ही काय पत्रकारिता झाली? फोनचा खोका उघडताना यांची जीभ सुटते, पण तोच फोन सहा महिने वापरल्यावर त्याचं काय झालं हे सांगायला कुणी हजर नसतो. एकानं काही छापलं की बाकीचे अकरा जण तेच फिरवून छापतात, खेळून कुणीच बघत नाही. असं तो लिहायचा आणि लोक आवडीनं वाचायचे. प्रत्येक लेखाखाली नाव असायचं: प्रज्ञेश, वारंगा फाटा, जिल्हा हिंगोली. पुण्याचे लोक पुणे लिहितात, मग मी फाटा का लिहू नये, असा त्याचा ताठा होता, आणि तो ताठा चांगलाच होता.

फेब्रुवारीत त्याच्याकडं 'माळ' नावाची गेम आली. पुण्यातल्या दोन मुलींनी बनवलेली, प्रकाशक बेंगळुरूचा. या धंद्यात गेम बाजारात यायच्या आधीच पत्रकारांना देतात आणि अमुक वाजेपर्यंत एक शब्द छापणार नाही अशी कबुली लिहून घेतात. वेळ झाली की सगळे एकदम छापतात. त्यानंतर दहा मिनिटांनी छापणाऱ्याला कुत्रं विचारत नाही. 'माळ' रविवारी दुपारी हातात आली आणि मंगळवारी संध्याकाळी सहाला छापायची होती.

गेम साधी होती. तुम्ही मेंढपाळ. सत्तर मेंढरं, एक कुत्रा, बिऱ्हाड लादलेलं एक घोडं. चारा शोधायचा, पाणी शोधायचं, लांडग्यापासून कोकरं राखायची आणि पुढं सरकत राहायचं. बंदूक नाही, शर्यत नाही. काळं रान, पळसाला आलेली फुलं, दूरवर गाव, सगळं हिंगोलीकडचंच. प्रज्ञेशला पहिल्या दिवशी ती फारच आवडली. पण गेममधले दिवस पुष्कळ आणि त्याच्या हातातले दोनच. गेममध्ये सकाळी एखादा फेटेवाला शेतकरी यायचा आणि बोलत बसायचा. असलं बोलणं पुढं सारायला एक बटण असतं. प्रज्ञेशनं ते दाबलं. खोटं कशाला सांगा, सगळेच दाबतात. पण सगळे दर रविवारी 'खेळून बघा' लिहीत नाहीत.

त्या संध्याकाळी गेममध्ये दिवस मावळला आणि सगळी मेंढरं कुणाच्या तरी रानात जाऊन फतकल मारून बसली. प्रज्ञेशनं हाका मारल्या, शिट्टी मारली, कुत्रा अंगावर घातला. एक हलेल तर शपथ. दुसऱ्या दिवशी तेच, फक्त रान दुसरं. प्रज्ञेशला शोधून शोधून घरी न्यायची वाट काही सापडली नाही. मग त्यानं ठरवून टाकलं की ही गेमची चूक आहे, बनवणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेली.

परीक्षण वेळेवर गेलं. दहापैकी पाच गुण. "चौथ्या दिवसापासून मेंढरं घरी जायचं विसरतात," असं त्यानं लिहिलं आणि बसलेल्या मेंढरांचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ केला. त्यात मेंढपाळ हाका मारमारून दमतो, मेंढरं ढिम्म, आणि मागं हसण्याचा आवाज. तो व्हिडिओ धावत सुटला. दोन दिवसांत चार लाख लोकांनी बघितला. आळशी माणसाला 'माळावरचं मेंढरू' म्हणायची टूम निघाली. आणि ज्या साइटींना तो पत्रकं छापणाऱ्या म्हणून झोडपायचा, त्या सगळ्यांनी त्याची बातमी उचलली. हिंदीत आली, इंग्रजीत आली, एका कन्नड साइटीवरही आली. सगळीकडं तेच: चौथ्या दिवसापासून मेंढरं घरी जात नाहीत. प्रज्ञेशला राग यायला हवा होता. त्याला गुदगुल्या झाल्या.

रविवारी सकाळी भागूबाई चहाचा कप न्यायला आली तेव्हा तो तोच व्हिडिओ पुन्हा बघून हसत होता.

"काहून हसून राहिला रे?"

"हे बघ माय. मेंढरं बसली की उठतच नाहीत. गेम बिघडलीय."

भागूबाईनं पदरानं चष्मा पुसला आणि वाकून बघितलं. "बिघडलं काय त्याच्यात? बसवलीत की."

"कुणी बसवली?"

"त्या धनगरानं. रान मोकळं झालं की बसवतेत. लेंड्या पडतेत, मूत पडतंय, जमिनीला ताकद येती. आमच्या शिरडला दर साली बसायची. शेतवाला सकाळीच जाऊन सांगून येतो, आज माझ्या रानात बसवा म्हनून. उशीर केला की दुसराच घेऊन जातो. एकदा बसली की सकाळपस्तोर उठत न्हाईत ती."

"मग घरी कधी नेतात?"

"घर कुठलं आलंय? घर गावाकडं राह्यलं. आठ-आठ महिने हिंडतेत ती मान्सं." भागूबाईनं कप उचलला. "हे बराबर दाखवलंय. ज्यानं केलं त्याला म्हाईत हाय."

ती गेली. प्रज्ञेशनं गेम नव्यानं सुरू केली आणि या वेळी बटणाला हात लावला नाही. फेटेवाला आला. हा मराठी बोलत होता, गेममध्ये मराठीची सोय होती आणि प्रज्ञेशनं ती बघितलीही नव्हती. फेटेवाला म्हणाला, तूर निघाली, रान मोकळं आहे, आज माझ्याकडं बसवा. मेंढपाळ हो म्हणाला. संध्याकाळी मेंढरं बसली. पुढं गेममध्ये हंगाम पालटला तेव्हा त्याच रानात ज्वारी कमरेच्या वर आलेली होती आणि तोच फेटेवाला धान्याचं पोतं घेऊन बांधावर उभा होता, वर विहिरीची वाटही मोकळी करून देत होता. ज्या रानात बसवली नाहीत तिथं कुणी पाण्याला शिवू देत नव्हतं. सगळी गेम त्या बसण्यावर उभी होती. आणि मेंढरं बसत होती तिसऱ्या दिवसापासून. चौथा दिवस घाईत चुकून पडला होता. म्हणजे ज्या अकरा साइटींनी चौथा दिवस छापला त्यातल्या एकीनंही गेम उघडलेली नव्हती. एरवी यावर त्यानं खुशीत सदर लिहिलं असतं. आज त्याला स्वतःची लाज वाटली.

त्यानं बनवणाऱ्यांना मेल केला, जसं घडलं तसं सगळं लिहून. तासाभरात फोन आला. बोलणारी सीमा, दोघींपैकी एक.

"मेल वाचला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "पण उशीर झालाय. प्रकाशकानं सांगितलंय, शुक्रवारपर्यंत ही चूक काढा नाहीतर गेम बाजारातून काढून घेतो. संध्याकाळ झाली की मेंढरं घरी गेली पाहिजेत. एक वाडगं बांधायचं, म्हणजे मेंढरं कोंडायचं दगडी कुंपण, त्यात ती जाणार."

"पण ती चूक नाही. सांगा ना त्यांना."

"दहा वेळा सांगितलं. त्यांनी तुमचं परीक्षण पुढं केलं. म्हणाले, हा माणूस तिथलाच आहे, हिंगोलीचा. त्याला माहीत नसेल का? मीपण हिंगोलीचीच आहे, गोरेगावची. माझे बाबा मेंढरंच राखतात. पण मी पडले बनवणारी. मी म्हणणारच ना, की बरोबर आहे."

प्रज्ञेशनं नावाखाली मिरवलेला वारंगा फाटा असा दुसऱ्याच्या मुळावर आला होता.

"शुक्रवारपर्यंत मी काहीतरी करतो," तो शेवटी म्हणाला.

"करा," सीमा म्हणाली. "ती बसतात तेवढंच मला करायचं होतं. बाकी सगळी गेम मग आली."

त्यानं टेकओसरीच्या संपादक शीतल यांना फोन लावला. शीतल पुण्यात, वयानं थोड्या मोठ्या, कामाला चोख.

"ते वाक्य काढून टाकते आणि गुण सहा करते," त्या म्हणाल्या. "कुणाला कळणारही नाही."

"कळायला पाहिजे, मॅडम. वर ठळक लिहा की आम्ही चुकलो. मी शेतकऱ्याचं बोलणं ऐकलंच नाही, बटण दाबून पुढं गेलो, हेही लिहा."

"वेडा आहेस का? असं कुणी छापतं? उद्या कंपन्या आपल्याला गेम देणार नाहीत. म्हणतील, हे खेळतच नाहीत."

"नाहीच खेळलो ना."

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी शीतल यांनी लेखाच्या तळाशी दोन ओळींची दुरुस्ती टाकली, बारीक अक्षरात, जाहिरातीच्याही खाली. बटणाचं काही नाही. व्हिडिओ मात्र काढायला त्या तयार झाल्या नाहीत, आणि काढूनही उपयोग नव्हता, तो शंभर ठिकाणी जाऊन बसला होता.

मग प्रज्ञेशनं ठरवलं की खरी मेंढरं दाखवायची. सोमवारी तो एसटीनं हिंगोलीला आणि तिथून जीपनं गोरेगावला गेला. सीमानं वडिलांचा ठिकाणा कळवला होता. गावाबाहेर जिकडंतिकडं हळद शिजवायचं चाललेलं, वाफेचा वास दूरवर येत होता. ज्ञानबा नावाच्या शेतकऱ्याच्या रानात तिच्या वडिलांचं, रामप्रसादचं, बिऱ्हाड उतरलं होतं. रामप्रसाद काटक माणूस, कमी बोलणारा. त्याची बायको सत्यभामाबाई तीन दगडांवर भाकरी थापत होती.

"राम राम. सीमानं धाडलं काय तुमाला?" रामप्रसादनं विचारलं.

"व्हय मामा," प्रज्ञेश म्हणाला. हे अर्धं तरी खरं होतं. "गेमवाले पत्रकार म्हणून राहिले की मेंढरं रानात बसतात हे चूक आहे. म्हटलं तुमच्याकडून खरं रेकॉर्ड करून घ्यावं."

"कोन पत्रकार? शहरातले असतील."

प्रज्ञेशनं बघितलं तर सत्यभामाबाई त्याच्यासाठी भाकरीवर ठेचा वाढून आणत होती. "व्हय," तो म्हणाला. "शहरातलेच."

आता सांगू, मग सांगू, असं तो मनात म्हणत राहिला. दिवस कलला तशी मेंढरं आली. रामप्रसादनं रानाच्या एका पट्ट्यात ती वळवली, एक-दोनदा जिभेनं आवाज काढला, आणि बघता बघता सगळी बसली. ज्ञानबा बांधावर उभा राहून बघत होता. काल तो पट्टा झाला, आज हा, उद्या विहिरीकडचा, असं रामप्रसादनं हातानं दाखवलं. सगळं रान पुरं झाल्याशिवाय हलायचं नाही, शब्द दिला होता. प्रज्ञेशनं सगळं टिपलं. फार सुंदर दिसत होतं ते, आणि त्याला ते धड बघवत नव्हतं. शेवटची जीप सुटायची वेळ झाली आणि सांगायचं राहून गेलं.

मंगळवारी त्यानं व्हिडिओ टाकला आणि 'खेळून बघा' रविवारची वाट न बघता आपल्या स्वतःच्या पानावर लिहिलं. चूक माझी, बटण मी दाबलं, चौथा दिवस माझा, बनवणारी पोरगी बरोबर, सगळं नावानिशी. सहाशे चाळीस लोकांनी वाचलं. व्हिडिओ त्याहून कमी जणांनी बघितला. त्यात कुणी पडत नव्हतं, कुणी हसत नव्हतं, मेंढरं येतात आणि बसतात, एवढंच. एकानं खाली लिहिलं, "पैसे खाल्ले वाटतं."

बुधवारी तो साइटींना फोन लावत बसला. अकरापैकी सात जणांनी उचलला. एकाला त्यानं सांगितलं, "माझी चूक तुम्ही छापली, आता माझी दुरुस्तीही छापा."

"आम्ही कुणाचं छापत नाही," पलीकडचा म्हणाला. "आमच्या माणसानं स्वतः खेळून खात्री केलीय."

"असं? मग कितव्या दिवशी बसतात मेंढरं?"

"चौथ्या."

"तिसऱ्या बसतात भाऊ. चौथा माझ्या हातून चुकून गेला होता."

तिकडून फोन ठेवला गेला. एका बाईंनी मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि दुरुस्तीची बातमी कुणी वाचत नाही, नवीन काही असेल तर सांगा, असं म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. प्रज्ञेशलाच आठवेना की त्यानं आजवर कुणाची दुरुस्ती शेवटपर्यंत वाचली होती. गुरुवारी त्यानं प्रकाशकाला सगळं पाठवलं. उत्तर आलं, आपल्या आपुलकीबद्दल आभारी आहोत. त्याच्या मेलाला दिलेलं उत्तर ते नव्हतं, सगळ्यांना जातं तेच होतं.

शुक्रवारी सकाळी अकराला 'माळ'चं नवं रूप आलं. प्रज्ञेशनं उघडून बघितलं. दिवस मावळला, मेंढरं रांगेनं निघाली, दगडी वाडग्यात शिरली, फाटक लागलं. दुपारपर्यंत बातम्या आल्या, अखेर चूक सुधारली म्हणून. हिंदीत, इंग्रजीत, कन्नडमध्ये. आणि सगळ्यांनी या वेळी त्याचं नाव घेतलं होतं. हिंगोलीचे पत्रकार प्रज्ञेश यांनी सर्वांत आधी दाखवून दिलेली चूक. सीमानं फोन उचलला नाही. शीतल यांचा मात्र आला.

"बघ, सगळं छान झालं की. आता नवीन परीक्षण दे. आठ गुण दे, लोक खूश आहेत. आज संध्याकाळपर्यंत जमेल ना?"

"नाही जमणार," प्रज्ञेश म्हणाला.

"मग कधी?"

"मॅडम, मेंढरं बसत होती तेव्हा मी ती गेम नीट खेळलो नाही. आता तर ती गेमच राहिली नाही. कशाला गुण देऊ?"

शीतल म्हणाल्या की ठीक आहे, दुसऱ्या कुणाकडून करून घेते.

शनिवारी तो पुन्हा गोरेगावला गेला. कुणी बोलावलं नव्हतं. पण रामप्रसादला हे बाहेरून कळू नये, आपल्याच तोंडून कळावं, एवढं त्याला वाटत होतं. जीपमध्ये त्यानं मनात चार वाक्यं तयार केली होती. बिऱ्हाड ज्ञानबाच्या रानातच विहिरीकडच्या कडेला सरकलं होतं. सत्यभामाबाईनं पाणी दिलं. रामप्रसाद त्याला बघून चक्क खूश झाला.

"बरं झालं आलात. तुमाला यातलं कळतंय." त्यानं बंडीच्या खिशातून फोन काढला. सीमानं त्यात गेम टाकून दिली होती, हे प्रज्ञेशला आत्ता कळलं. "रोज सांच्याला बघतो मी. खेळाया येत न्हाई, पर मेंढरं बसलेली बघतो. पोरगी तिकडं बसून हे करती म्हनून बघतो. तर काल बसलीच न्हाईत. कुठल्या तरी वाडग्यात गेली. आमचं न्हाई ते. फोन बिघडला काय, बघा बरं."

प्रज्ञेशनं फोन हातात घेतला. काचेला तडा गेलेला होता आणि कडेला माती बसलेली. जीपमधली चारही वाक्यं कुठं गेली कुणास ठाऊक.

"फोन बिघडला न्हाई मामा. गेमच बदलली."

"काहून?"

"लोक म्हणाले, चूक आहे म्हणून."

"ते शहरातले?"

"शहरातलं कुणी नव्हतं," प्रज्ञेश म्हणाला. "पहिल्यांदा मी लिहिलं. मीच. मला माहीत नव्हतं आणि मी विचारलं नाही. बाकीच्यांनी माझंच उचललं. त्या दिवशी तुमाला खोटं सांगितलं मी. सीमाला मीच बदलायला लावलं म्हणा."

भाकरी थापायचा आवाज थांबला. रामप्रसादनं त्याच्याकडं बघितलं. रागानं नाही, हा माणूस नेमका कोण, हे आता पहिल्यांदाच बघावं तसं.

"तुमी कुठले म्हनलात?"

"वारंगा फाट्याचा."

"फाट्यावर कुठं?"

"पेट्रोल पंपाच्या मागं. बौद्धवाड्याला लागून."

"मंग त्याच्या मागचं रान म्हंजे लखमा पाटलाचं," रामप्रसाद म्हणाला. "तितं तर दर साली येतो आमी. हळद निघाली की आठ-धा दिस मेंढरं तितंच बसतेत. तुमच्या घरातून दिसत असतील."

प्रज्ञेशला एकदम सगळं दिसलं. मागची खिडकी, तिच्यापलीकडं रान, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला त्यात बसलेला तो मोठा करडा गठ्ठा. दर साली. व्हिडिओत आवाज भरताना त्यांचं बें-बें मध्ये यायचं.

"दिसतात," तो म्हणाला. "आवाज येतो म्हणून मी खिडकी लावून घेतो."

सत्यभामाबाईनं मान खाली घातली आणि पुन्हा भाकरी थापायला घेतली. रामप्रसादनं त्याच्या हातातून आपला फोन परत घेतला, बंडीला पुसला आणि खिशात ठेवला.

"इचारायचं व्हतं की मंग," तो म्हणाला. "आमी तितंच व्हतो."